खिडकी नको

चोडणच्या बांधावर, मानशीच्या खोपीत
तळहाताएवढा संगणक खिळ्याला टांगलाय.
त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही.
एक वायर खाली पाण्यात, एक वर सोलर पॅनेलला,
आणि तिसरी माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपपर्यंत.

याच्यासाठी प्रोग्राम तयार मिळत नाही,
मूळ संहितेतून इथेच बांधावा लागतो.
त्याआधी पर्यायांची यादी येते,
चवथीच्या बाजाराच्या चिठ्ठीएवढी लांब.

चित्रं? नको.
खिडक्या? नको.
फॉन्ट? इथे वाचणार कोण, कुर्ल्या?
माऊस? उंदीर आहेत पुरेसे.

गेल्या आठवड्यात एका जागी ‘नको’ लिहायचं राहिलं
आणि त्या एका पाहुण्यामागून अख्खं वऱ्हाड आलं:
रंग, सावल्या, बटणांच्या गोल कडा.
पहाटे तीनला मेमरी संपली, बांधकाम बसलं.
ज्याला डोळेच नाहीत
तो आरशाच्या ओझ्याने मेला.

म्हणून आज हात सैल सोडत नाही.
आवाज? नको.

‘हें कितें काडलें?’ रुजार मागून विचारतो,
हातात बॅटरी, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.
आवाज, मी म्हणते. जागा वाचते.
‘रातचें कोण पळयता, बाय? आयकूंक येवंक जाय.’

बावीस वर्षं तो इथे चटईवर झोपतो.
भरती चढली की मानशीची दारं आपोआप मिटतात, धप्प,
आणि तो झोपेतच कूस बदलतो.
जाग येते ती धप्प झालं नाही तर.
मग ओंडका अडकलेला असतो दोन फळ्यांत
आणि खारं पाणी कोरगुटाच्या वाटेवर.

मी एवढे महिने पाण्याची उंची मोजत होते.

‘नको’ खोडून ‘हवा’ लिहिते.
यंत्र पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसतं,
हे आहे का, आहे. ते आहे का, नाही.
एक लायब्ररी कमी निघते. ती आणते
फोनच्या एका काडीएवढ्या रेंजवर,
बांधाच्या टोकाला हात उंच करून.
तेवढ्यात रायबंदरची शेवटची फेरी सुटते.

रुजार स्क्रीनवरून धावणाऱ्या ओळी बघतो,
वाचत नाही, पाणी बघावं तशा बघतो.
मग चटईची अर्धी बाजू झटकून देतो.

अडुसष्ट टक्के.
खाली कुठेतरी धप्प.
आम्ही दोघं एकदमच मान हलवतो.
एकोणसत्तर.