पाऊणकी

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
हजेरीचं नवं यंत्र आलं
आणि मी, कारकून, त्याच्या शेजारच्या खुर्चीत.
बोट टेकलं की कागदाची जीभ बाहेर:
खवणेकर सत्यवती, ८.७५.

ती चिठ्ठी घेऊन आली. बोटं काळी,
काजूच्या चिकाने सालपटलेली,
यंत्राला तिसऱ्या खेपेस पटतात.
"भाऊ, तासात पंचाहत्तर मिनिटां
खंयसून इली?"

मी सांगितलं, हा दशांश.
इथे तासाचे साठ नाहीत, शंभर.
त्या शंभरातले पंचाहत्तर
म्हणजे साठातले, थांब हां,
मी कागदावर गुणाकार मांडला,
तिने तो तळव्याने झाकला.
"म्हणजे पावणेनव. मगे तसा सांगा मां."

खरंच की.
पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच.
साठाचा पाव पंधरा, शंभराचा पाव पंचवीस,
पाव मात्र दोन्ही काठांवर पावच.
घरचे शब्द होडीसारखे बांधून ठेवलेले
आणि मी पूल शोधत होतो.

दुसऱ्याच दिवशी शब्द अपुरे पडले.
आठला आत, पाच वीसला बाहेर,
जेवणाचा अर्धा तास वजा.
तिच्या हिशेबाने आठ तास पन्नास मिनिटं.
यंत्र म्हणालं, ८.८.

पन्नासाला साठाने भागून बघा.
आठानंतर तीन, मग तीन, मग पुन्हा तीन,
ओल्या वाळूत कुर्ली चालत गेल्यासारखे
तीनच तीन, भरतीरेषेपर्यंत.
मालकाच्या सांगण्यावरून यंत्र
पहिल्या घरातच थांबतं.
आठ पूर्णांक आठ म्हणजे आठ तास अठ्ठेचाळीस.
दोन मिनिटं गेली.
कुठे, ते चिठ्ठीवर छापत नाहीत.

रात्री मी कंदमुळासारखं उकरत गेलो:
रोजची दोन, महिन्याचे सव्वीस दिवस,
चाळीस बायका.
चौतीस तास चाळीस मिनिटं.
हजेरीपटावर नाव नसलेली कुणी एक
महिन्याला जवळजवळ चार दिवस
आमच्याकडे फुकट काजू सोलते.

सत्यवतीला सांगितलं. ती चिडली नाही.
एवढंच म्हणाली,
"दोन मिनिटांत माजी तर सुटता, भाऊ."

तिचा बाप रापणीवर होता, घड्याळाविना.
तिथी विचारायचा आणि पाऊणकी म्हणायचा:
चार पाऊण तीन, सहा पाऊण साडेचार, आठ पाऊण सहा.
चवथीला तीनला भरती, षष्ठीला साडेचारला,
अष्टमीला दिवेलागणीला.
"पण ती पण चुकता," तीच म्हणाली.
"पुनवेक बारा होये, पाऊणकी सव्वाअकराच सांगता."

मी पेन्सिल उचलली.
दर्या तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं सरकतो,
पाऊणकी पंचेचाळीसच धरते.
तीन मिनिटं सुटतात, पंधरा तिथींत पंचेचाळीस,
म्हणजे शेवटी चुकते ती नेमकी एक पाऊण.
"मग बाप काय करायचा तेवढा वेळ?"
"काय करतलो! वाळूर बसायचो.
एक इडी ओढायचो. पाणी आपसून येयचा."

चूक त्याचीही होती.
पण उरलेला वेळ त्याच्याच खिशात पडायचा.

आणि हे मला फार उशिरा दिसलं:
अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे यंत्राचे बरोबर आठ दशांश.
दर्याची तिथी त्या घरात
थेंब न सांडता मावते.
सत्यवतीचा दिवस मावत नाही.

आज षष्ठी. पाच वीस.
पाणी उतरायला लागलंय.
तिच्या नावापुढच्या कोऱ्या जागेत
मी पेन्सिलीने दोन लिहितो.
कालचे दोन आहेत, परवाचे आहेत,
मालकाने अजून पान उलटलेलं नाही.
खिडकीबाहेर ती चपला हातात घेऊन
धक्क्याकडे धावतेय, तरीवाला दोर सोडतोय.
मधे सुरूची झाडं आहेत.
ती चढली की नाही
इथून दिसत नाही.