अंदाजे किंमत

रबाळ्याच्या गोदामातून निघताना चलानावर असतं:
स्टीलच्या चकत्या, नग दोनशे, वजन साडेतीन किलो,
अंदाजे किंमत रुपये चार हजार.
मी सही करतो. डबा पुढे, माझ्या शेजारी.
मागे ठेवला तर खडखडतो.

पहिला थांबा वेलजींचा गाळा.
तिथे अन्वरच्या मशीनवर चकतीचा मधला भाग
केसाइतका पातळ होतो.
केस दाखव म्हटलं तर तो टोपी काढतो.
टक्कल आहे त्याला.
नवं चलान: अकरा हजार.

मग त्रिनाथचा घुमट. जाड दाराचा, आत हवासुद्धा नाही.
धातूची वाफ करून चकतीवर बसवतात,
आरशावर श्वास बसतो ना, तेवढाच थर.
तो थर दाब ओळखतो. कसा, मला दोनदा सांगितलंय.
चलान: अडतीस हजार.
वजन तेच.

महाप्याला कयलविळी, दुर्बिणीखाली
सोन्याच्या तारेचे टाके घालते.
शेवटी निलाक्षी मोकलची लॅब,
जिथे मी चपला काढतो
आणि भर मे महिन्यात मला हुडहुडी भरते.
तिचा शिक्का बसला की
दोन लाख साठ हजार.

चार गाळे, सहा किलोमीटर, एक टेम्पो.
अख्खी वस्तू कोणीच बनवत नाही.
विचारलं तर जो तो पुढच्या गाळ्याकडे बोट दाखवतो.

इथेच कुठेतरी आमची खाचरं होती.
तेव्हाच्या कागदावरही असाच एक रकाना होता.
बाबांनी अंगठा दिला. वाचता येत नव्हतं,
आलं असतं तरी तोच आकडा होता.

फाल्गुनात त्रिनाथचा शेठ म्हणाला, गाळा विकतो.
पार्सलवाले दुप्पट देतायत. घुमट भंगारात.

तीन आठवडे.
अन्वरच्या चकत्या तेलात पडून राहिल्या.
कयलविळी रोज आली, दुर्बीण पुसून गेली.
निलाक्षीचा एसी रिकाम्या खोलीला गारवा देत राहिला,
बिल आलंच.
सुगंधाताईंच्या खानावळीत
चाळीस पोळ्यांची कणीक कमी मळली गेली,
आणि चाळीस पोळ्या म्हणजे त्यांच्या मुलीची फी.
माझं डिझेल तेवढं वाचलं.

परदेशातून थर देऊन आणायला अकरा आठवडे, असं पत्र आलं.
निलाक्षीने ते मोठ्याने वाचलं.
त्रिनाथकडून महाप्याला मला सात मिनिटं लागायची.
सिग्नल धरून.

वेलजींनी मग जुन्या लेथ काढून
मागची अर्धी जागा मोकळी केली. भाडं नंतर बघू, म्हणाले.
नंतर म्हणजे केव्हा, ते कच्छी माणसाने सांगितलं नाही,
तेव्हा मला जरा भीतीच वाटली.

घुमट रात्री हलवला. माझ्या टेम्पोत मावणारा नव्हता;
ट्रेलर मागे, मी पुढे, पार्किंग लाइट लावून.
त्रिनाथ माझ्या शेजारी,
मांडीवर दाराचं रबर, गोधडीत गुंडाळलेलं.
चलान त्याच्या खिशात. किंमतीचा रकाना कोरा:
भंगारवाला म्हणाला होता सत्तर हजार,
निलाक्षीने पेन उघडलं, बराच वेळ धरलं, बंद केलं.

नाक्यावर हवालदाराने टॉर्च मारला.
काय आहे आत?
त्रिनाथ म्हणाला, काही नाही साहेब.
हवा काढून घेतो आम्ही त्याच्यातली.

म्हणजे रिकामंच की, तो म्हणाला.
जा.