रुंद वाट

खोक्यावर जर्मन अक्षरं, आत थर्माकोलचा चुरा,
चुऱ्यात हे यंत्र, दोन पेडलं, एक पिवळं, एक निळं,
आणि हातानं लिहिलेली एक चिठ्ठी
जी तावोंगा गोंद्वेला वाचता येत नाही.
तरी तिनं ती मेन्टेनन्सच्या वहीत ठेवली.

न्खाता बेच्या इस्पितळात वर्कशॉप म्हणजे
जुनी धुणंखोली.
खिडकीतून सरोवर, आणि सरोवराकडून
वाळत घातलेल्या उसिपा मासळीचा वास.
माझ्या खोलीला कुलूप लागत नाही, ती म्हणते.

इथं जनरेटर म्हटलं की
सगळे मागच्या आवारात बघतात,
डिझेल संपलं का म्हणून.
हा तो नाही. हा टेबलावर मावतो.
भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास हेलपाटे घालते
आणि माणूस मारते.
तीच वीज हा पाच लाख हेलपाटे घालायला लावतो,
इतक्या घाईत की हृदयाला पत्ताच लागत नाही
कोण आलं, कोण गेलं.
पिवळं कापतं. निळं रक्त थांबवतं.
मारणारी आणि तारणारी एकच रे, ती शिकाऊ लुसुंगुला सांगते,
तारणारी फक्त दारात रेंगाळत नाही.

आणि ते दुसरं?
त्यातून अंगात वीज जात नाही.
मुठीतला स्फटिक शहारतो, टोकाचं पातं
सेकंदाला पंचावन्न हजार वेळा,
केसाच्या जाडीइतकं, पुढेमागे.
आपल्याला ऐकू येत नाही.
छपरातल्या वटवाघळांना विचार,
त्यांना आपली सगळी ऑपरेशनं पाठ असतील.

बाजारातून शेळीची कलेजी आणली होती चाचणीला.
पिवळं दाबलं, टोक रेशमातून जावं तसं गेलं.
निळं दाबलं, कडा पांढरी झाली, धूर, स्वयंपाकघराचा वास.
लुसुंगुनं विचारलं, उरलेली खायची का?
तावोंगा हसली नाही. ती मांडीखालच्या
चिकटपट्टीची वायर तपासत होती.

कारण आत गेलेल्या विजेला
परत यायला रुंद वाट लागते, तळहाताहून रुंद.
पट्टी अर्धी सुटली, वाट बोळ झाली,
की सगळी गर्दी तिथंच पेटते.
म्हणून तर यंत्र आधी ओरडतं. म्हणून तर ओरडू द्यायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी, जुन्या यंत्राच्या वेळी,
रात्रीचे तीन, डॉक्टर मुन्थाली घामानं निथळत,
आणि अलार्म थांबेना.
बंद कर तो, कसाही कर.
तारेचा एक तुकडा, बोटाएवढा, दोन टोकांमध्ये.
शांतता.
बाळ रडलं, आई वाचली, सगळ्यांनी तावोंगाची पाठ थोपटली.
सकाळी एलुबी चिर्वाच्या मांडीवर
जुन्या क्वाचाच्या नाण्याएवढा
काळा डाग.
नर्स म्हणाली, आयोडीन सांडलं असेल.
कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.
तार ड्रॉवरमध्ये आहे, स्क्रूंच्या डबीत,
लुसुंगुला ती वापरायची परवानगी नाही, का ते ठाऊक नाही.

काल रात्री नवं यंत्र ओरडलं.
मुन्थाली दारात आले. काही बोलले नाहीत, फक्त हात पुढे केला,
जणू त्या हातावर तार ठेवायची होती.
तावोंगा त्यांच्या शेजारून आत गेली.
रुग्णाची मांडी घामानं ओली होती,
पुसली, केस काढले, पुन्हा पुसली, नवी पट्टी
तळव्यानं दाबून धरली, पोळपाटावर भाकर थापावी तशी.
चार मिनिटं. घड्याळ मोजत होतं, मुन्थालीही.
यंत्र आपणहून गप्प झालं.

शनिवारी ती बंदरावर जाते.
शेवटच्या ओट्यावर एलुबी उसिपा विकते,
मुलगा टोपलीखाली झोपलेला.
तावोंगा भाव करत नाही, सुटे परत घेत नाही,
घरी मासळी कुणी खात नाही तरी दोन वाटे घेते.
एलुबी शेजारणीला म्हणते,
इस्पितळातली शिकलेली बाई,
पण हिला भावातलं काही म्हणजे काही कळत नाही.