पट्टा

गोळीबार चौकातल्या मोच्यानं दोन वर्षांत तीनदा
माझ्या पट्ट्याला टोकाकडे भोक पाडलं.
त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मात्र टेप गुंडाळत विचारलं,
"तर्री किती, हेडाऊ?"
म्हटलं, पोह्यांवर मावेल तेवढीच.
त्या हसल्या नाहीत.

आता ऊन उठायच्या आत
शुक्रवारी तलावाला फेरी.
दुसऱ्या फेरीला गुडघा विचारतो,
काहून बे?
मी चालत राहतो, थोडा लंगडत.

घरी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी.
संत्रा बर्फीचा डबा फडताळावर, अगदी वर.
स्टूल कुठं आहे ते मला ठाऊक आहे,
खोटं कशाला बोलू.

काल पुन्हा मोच्याकडे.
बोट ठेवलं बकलाकडे.
त्याची आरी थांबली.
"बीमार हाय का, भाऊ?"
आणि पैसे घेतलेच नाहीत.