व्हेंट

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत
तौफिक अत्तारनं तो काचेवर ठेवला तेव्हा
मला वाटलं, हा नुसता खोका दाखवतोय,
आतली वस्तू अजून यायचीय.
"हाच की ताई. हाच कॉम्प्युटर."
जेवणाच्या डब्याचा एक पुडा,
तोही भाताचा नव्हे, भाजीचा.
सव्वीस हजार.
मी तीनदा उचलला, तीनदा खाली ठेवला,
शेवटी पंचवीसला तुटलं, वर एक माउस.

केएमटीत मांडीवर घेऊन बसले.
शेजारची बाई म्हणाली, कुठल्या दुकानाचे पेढे?

पहिला आठवडा बरा गेला.
दुसऱ्यात, एप्रिलची दुपार,
उद्यमनगरातल्या एका पंपाची बॉडी,
पडद्यावर ओतलेलं लोखंड
लालाचं पिवळं, पिवळ्याचं निळं होत होतं
आणि मी बघत होते
कुठं आधी गोठतंय, कुठं पोकळी राहतेय,
तेव्हा हा किंचाळायला लागला.
एवढ्याशा अंगातनं एवढा आवाज.
मग बाण अडकला, काकवीत मुंगी अडकावी तसा.
कोपऱ्यातला आकडा : अठ्ठ्याण्णव.
लोखंड कसं निवतं याचं गणित मांडता मांडता
हाच तापून बसला होता.

टेबलफॅन त्याच्या तोंडावर लावला.
फ्रिजमधली बाटली शेजारी टेकवली,
तिला घाम फुटला, म्हणून घाबरून परत नेली.
तौफिक फोनवर म्हणाला, कूलिंग पॅड घ्या, आठशेला आहे.
आठशे.

आप्पा पलंगावरनं बघत होते.
एकतीस वर्षं शिरोलीत, भट्टीपुढं.
कान तिथंच ठेवून आले.
त्यामुळं ते किंचाळणं
घरात मला एकटीलाच होतं.

उठले. तळवा धरला :
डावीकडं, उजवीकडं, मागं.
मागं जरा जास्त वेळ.
"आत कुठनं घेतोय ह्यो?"
मी उचलून तळाची जाळी दाखवली.
"आणि तू बसवलाईस रेक्झिनवर."

खुंटीची पिशवी काढली.
तिच्यातनं ती सुई, हातभर, टोकाला काळी पडलेली,
वाळूच्या साच्याला व्हेंट मारायची.
हवेला वाट ठेवली नाही तर धातू उलटा उसळतो,
त्यांच्या डाव्या दंडावर हे चार ठिकाणी लिहिलेलं आहे.
"आप्पा, भोकं पाडू नका हं!" मी ओरडले.
ऐकू आलं नाही.
बटण मात्र बंद करायला लावलं, बोटानं खुणावून,
आणि त्या सुईनं, गळू फोडावं इतक्या हलक्या हातानं,
जाळीतनं गादीचा कापूस ओढून काढला.
चिमूटभर. माझ्या तळहातावर ठेवला.

मग चार तुकडे ॲल्युमिनियमचे,
कुठल्या तरी जुन्या ओतीच्या रनरचे,
एका मापाचे कापून कानशीनं घासलेले.
कशासाठी जपले होते विचारलं नाही.
चार कोपऱ्यांखाली चार.
पाठ खिडकीकडं. टेबलफॅन बंद.
"तोंडावर वारा मारून काय हुतंय?
आतलं भाईर पडलं पायजे."

पंप पुन्हा ओतला. लाल, पिवळं, निळं.
बाण चालत राहिला.
"किती?" त्यांनी विचारलं.
मी वहीच्या मागच्या पानावर मोठ्ठं लिहिलं : ७३.
चष्मा वर केला, खाली केला.
"डिग्री?"
मी मान हलवली.
हसायलाच लागले, खोकला येईपर्यंत.
चौदाशेचा माणूस.
"ह्येच्यावर च्या बी न्हाई व्हायचा की गं."

पोकळी निघालीच त्या बॉडीत, फ्लँजच्या मुळाशी.
रायझर दोन इंच सरकवावा लागला.

आता रोज तीनच्या सुमाराला येतात,
मी कामात असते,
मागच्या झरोक्यावर तळवा धरतात
आणि जातात.
काल जाताना म्हणाले,
थंडीत ऱ्हाऊ दे हितंच,
हात शेकायला बरा हाय.