साडेतीनशे रुपयांचं सैन्य

इतवारीतला ड्रेसवाला म्हणाला,
एका चिलखताचे दीडशे, अनामत पाचशे,
आणि पोचा पडला तर त्याचे वेगळे.
माझ्याकडे शिपाई अकरा.
बारापात्रे सरांच्या सहीचं व्हाउचर
साडेतीनशेचं.

कार्यानुभव शिकवतो मी.
बावीस वर्षं आकाशकंदील, फुलदाण्या,
आइस्क्रीमच्या काड्यांची घरं.
लोखंडाशी संबंध
फक्त सायकलपुरता.

आधी तेलाचे पिपे कापून पाहिले.
पहिल्याच पिप्यानं अंगठा धरला;
रक्त खरं निघालं, नाटक अजून पंधरा दिवसांवर.
मग कूलरवाल्या रशीदभाईनं
गंजलेले पत्रे फुकट देऊ केले.
सातवीतला एक पोट्टा त्यात उभा केला
तर तो जुन्या दारासारखा करकरला,
आणि खाली बसता येईना त्याला.
"सर, लढाईत शूशू लागली तं?"
प्रश्न रास्त होता. पत्रे परत गेले.

चेतन निमजे, शिपाई क्रमांक सात,
संवाद एकही नाही, फक्त मरायचं.
त्याची आई कळमन्याला संत्री भरते.
शनिवारी ती फाटकाशी उभी,
काखेत नारिंगी जाळ्यांचा गठ्ठा,
फाटक्या, म्हणून व्यापाऱ्यानं फेकलेल्या.
"एकावर एक तीन घाला सर, तिरप्या.
अन् चांदीचा रंग मारा.
दुरून कड्याच कड्या दिसतीन."
सासऱ्याचा हातमाग विकून किती वर्षं झाली,
पण धागा दिसला की तिची बोटं
अजून विचारल्याशिवाय गाठ मारतात.

रंगाचे दोन डबे, दोनशे ऐंशी.
ब्रश शाळेचा. छातीला अंड्यांचे ट्रे,
मेडिकल चौकातल्या भुर्जीवाल्याकडचे;
उलटे धरले की खळग्यांचे खिळे होतात.
खांद्यांवर चपलांचे झिजलेले तळवे.
बाकी सुतळी, गव्हाची खळ,
आणि निमजेबाईंच्या चार संध्याकाळी,
ज्यांचं व्हाउचर नसतं.
उरलेल्या सत्तर रुपयांत तर्री पोहे,
तीन प्लेटा, अकरा चमचे.
हिशेबात मी त्यांना
'शिरस्त्राण, किरकोळ' असं लिहिलं.

गच्चीवर अकरा धडं वाळत घातली.
डिसेंबरचं ऊन, थोडा वारा,
बिनडोक्याचं सैन्य दोरीवर डुलत होतं.
समोरच्या गॅलरीतून एक आजोबा ओरडले,
"काय हो मास्तर, कोणाशी आहे?"

गॅदरिंगच्या रात्री दिवा पडला
आणि माझाच श्वास अडकला.
ते पोलाद होतं.
मी विंगेत, हातात उरलेली सुतळी,
मला माहीत होतं ते काय आहे,
तरी ते पोलाद होतं.
फक्त अंगं तापली तशी
रंगाच्या वासाखालून
संत्र्याच्या सालीचा वास येऊ लागला.

लढाई. सहा पडले वेळेवर.
सातव्यावर पुठ्ठ्याची तलवार बसली
आणि वाकली. चेतन उभा.
शत्रूनं ती गुडघ्यावर सरळ केली, पुन्हा मारली.
उभा.
"मर," मी विंगेतून म्हणालो.
"मर रे बाबा."
ढोलवाला थांबला. पहिल्या रांगेत
बारापात्रे सरांनी चष्मा काढला.
शेवटी उभ्या शिपायावरच पडदा पडला,
आणि मागच्या खुर्च्यांवरून टाळ्या आल्या,
कशासाठी ते कुणालाच नीट ठाऊक नसलेल्या.

आत येताच मी त्याचा कान धरला.
"सर, लागलीच नाही न तलवार.
आईनं मले चार पदर घातले होते,
बाकीच्याईले तीन.
मंग मी मराचं कायले?"
याला उत्तर होतं माझ्याकडे,
पान नऊ, कंसातली सूचना.
पण कान सुटला हातातून.

मागच्या दाराशी ती थंडीत उभी होती,
नखांच्या कडांना अजून चंदेरी रंग.
पोराला ओरडली नाही. शाबासही म्हणाली नाही.
बरगडीपाशी बोट घालून म्हणाली,
"इथं सुटली पाहा एक,"
आणि उद्या पुन्हा लढाई असल्यासारखी
ती गाठ
तिथंच, उभ्यानं, मारली.