कड

इद्रीसनं ब्लॅकबर्नहून पाठवलेली नाणी
मी ओट्यावर मांडतो,
हर्णैच्या लिलावात वाटे मांडावेत तशी.

पन्नास पेन्सवर मासा. सामन म्हणे.
शेपटी झकास, पण डोळा शिळा;
असल्या डोळ्याच्या रावसाला
आमच्या कोळणीनं हात लावला नसता.

जुन्या पेनीवरचा जाळीचा दरवाजा मात्र पसंत.
सुवर्णदुर्गाला शोभला असता.

गोल पाउंडाच्या तोंडावर जाऊ नये.
कल्ला उचलून मासा बघतात
तशी कड बघावी:
अक्षरं उथळ, खाचा बसक्या,
पिवळा रंग नखाला लागतो.

असे तीन निघाले.
मेथीच्या रिकाम्या डबीत वेगळे ठेवलेत.
इद्रीसला कळवलं नाही.
चिठ्ठीत त्यानं लिहिलं होतं,
मामू, पहिल्या पगारातले आहेत.